दादाचा जन्मवार

कुणी तारीख सांगितली की तिचा वार मी तोंडी सांगतो. ही विद्या मला परभणीच्या कॉलेजात मिळाली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि ते सांगायला मला तेव्हा लाज वाटत नव्हती, आजही वाटत नाही. तिथं जे जे मिळालं ते गावाकडं आल्याबरोबर वापरून बघायची मला घाई असायची. पण बी.एस्सी.तलं रसायन गावात कुठं वापरणार? वार काढणं तेवढं वापरता आलं.

गणिताच्या सरांनी वर्षाच्या शेवटच्या तासाला फळ्यावर बारा आकडे लिहिले होते. १४४, ०२५, ०३६, १४६. बाराचा वर्ग, पाचाचा वर्ग, सहाचा वर्ग, आणि शेवटी बाराच्या वर्गात दोन. जानेवारीचा एक, फेब्रुवारीचे चार, मार्चचे चार, एप्रिलचा शून्य, असे डिसेंबरपर्यंत. सालाचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे, त्यांची चौथाई त्यात मिळवायची, अपूर्णांक सोडून द्यायचा. मग महिन्याचा आकडा, मग तारीख. सगळ्या बेरजेला सातनं भागायचं. बाकी एक उरली तर रविवार, दोन उरली तर सोमवार, काहीच उरलं नाही तर शनिवार. लीप वर्षाचे पहिले दोन महिने असले तर एक वजा. बस, एवढंच.

माझा दादा, म्हणजे थोरला भाऊ, सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. मला त्याच गावात एका सरकारी कचेरीत कारकुनी लागली होती. सुटीच्या दिवशी तो मला जिनिंगसमोरच्या हॉटेलात घेऊन जायचा आणि बाकड्यावरच्या हमालांना सांगायचा, "इचारा, कोणती बी तारीख इचारा."

एकानं स्वातंत्र्याचा दिवस विचारला. सत्तेचाळीस, चौथाई अकरा, ऑगस्टचे तीन, तारीख पंधरा, झाले शहात्तर. सातनं भागले, उरले सहा. "शुक्रवार."

"जुम्माच व्हता," कोपऱ्यातला म्हातारा शिंपी म्हणाला.

आमच्या वस्तीतला एक जण होता, त्यानं नागपूरच्या दीक्षेचा दिवस विचारला. मी म्हणालो, रविवार. तो म्हणाला, "बरोबर हाय. मी गेलतो ना." दादानं सगळ्यांकडं असं बघितलं की जणू रविवार त्यानंच पाडला होता.

एक हमाल म्हणाला, "माझ्या लग्नाचा वार सांग."

"तारीख सांगा."

"तारीख ठावं असती तर तुला कशाला इचारलं असतं? वार ठावं हाय. शनवार. तवापासून शनी उठलाच न्हाई मानगुटीवरनं."

सगळे हसले, मीही हसलो.

आता दादाचा मुलगा संगणकाच्या कामात आहे. त्याच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तारखांची एक तयार लायब्ररी असते, तारीख आत घातली की वार बाहेर येतो. मी विचारलं, आत काय करतात रे? तो म्हणाला, "काका, शेवटी सातनंच भागायचं." त्यांच्यात भांडण एवढंच की शून्य रविवारला द्यायचं का सोमवारला. आमच्यात ते शनिवारला होतं. बाकी फरक मला तरी दिसला नाही. तारीख द्या, वार घ्या. उलटं मात्र होत नाही. नुसत्या वारावरून तारीख निघत नाही, कारण एका वाराच्या हजार तारखा असतात. दादाच्या बाबतीत मी उलटं करायला निघालो होतो.

झालं असं की दादाला नोकरीच्या मुलाखतीचा कागद आला. कालव्यावर पाटकऱ्याची जागा. पाटकरी म्हणजे कालव्याच्या दारांवर बसून शेतकऱ्यांना पाळीपाळीनं पाणी सोडणारा माणूस. आमच्या भागात कालव्याची खोदाई चालली होती, पाणी अजून यायचं होतं, पण माणसं भरायला सुरुवात झाली होती. सातवी पास पाहिजे होता, आणि दादा सातवी पास होता. पुढं तो शिकला नाही, कारण दोघांना शिकवणं घराला झेपणारं नव्हतं. कोणी शिकायचं हे कोणी बसून ठरवलं नाही. तो मोठा होता म्हणून तो कामाला गेला, मी धाकटा होतो म्हणून शाळेत राहिलो.

ज्या गावात आमच्या मायला विहिरीवर ओंजळ धरून उभं राहावं लागायचं, कुणी वरून पाणी वाढील तेव्हा, त्याच गावच्या शिवारात दादा पाणी वाटणार होता. हे घरात कोणी बोलून दाखवलं नाही. पण माय त्या दिवसांत कागद ट्रंकेतून काढायची, उघडायची, वाचता येत नव्हता तरी बघायची आणि परत ठेवायची.

वयाची अट आमच्यासाठी तीस होती. शाळेच्या दाखल्यावर दादाचं वय तीस वर्षं चार महिने भरत होतं.

मी दाखला घेऊन बसलो. आमच्या गावातल्या बहुतेक सगळ्यांची जन्मतारीख एक जून. शाळा जूनला उघडते, पोराला हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगायचं, पोचला की सहा वर्षं मागं जाऊन एक जून लिहायचा. माझीसुद्धा एक जूनच. दादाची मात्र मे महिन्यातली, आणि तीही सरळ एक-दोन नाही, मधलीच कुठली तरी. म्हणजे लिहिणाऱ्या मास्तरासमोर काही तरी कागद असणार.

कचेरीत आमच्या शेजारच्या टेबलावर एक वयस्कर कारकून होते. निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलेले, सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. त्यांना दाखला दाखवला तर म्हणाले, "गावच्या पैदाइशीच्या दप्तरावरून उतरवलं असेल. ते फसलीत असायचं. मे म्हणजे तीर महिना."

फसली म्हणजे निजामाच्या कारभाराचं साल. ते ऑक्टोबरात बदलायचं.

"इंग्रजी साल काढायला किती मिळवायचे?" मी विचारलं.

"इथंच तर गंमत हाय," मुन्शीजी म्हणाले. "ऑक्टोबर ते डिसेंबर पाचशे नव्वद. जानेवारीपासून पुढं पाचशे एक्क्याण्णव. पण अर्धे मास्तर वर्षभर नव्वदच मिळवायचे. किती तरी लोक त्या पायी एक वर्ष आधीच म्हातारे झाले."

मी उभ्या उभ्याच हिशोब केला. मास्तरानं नव्वद मिळवले असतील तर दादा एका वर्षानं लहान. एकोणतीस वर्षं चार महिने. अटीच्या आत.

जुनं दप्तर मात्र कुठं नव्हतं. चावडीत विचारलं, तहसिलीत विचारलं. कुणी म्हणालं वाळवीनं खाल्लं, कुणी म्हणालं ते कधीचंच जाळलं. मग एकच वाट राहिली. दाखल्यावरच्या तारखेचा वार काढला, तो आला बुधवार. तीच तारीख एक वर्ष पुढं सरकवली, की वार एकानं पुढं जातो. गुरुवार. आता दादा कोणत्या वारी जन्मला हे कळलं की कोणतं साल खरं ते कळणार होतं.

त्या शनिवारी दादा आणि मी गावी गेलो. आमचं गाव वालूरच्या बाजूला. माय भाकरी थापत होती.

"माय, दादा झाला तवा वार कोणता व्हता?"

"वाराचं कुठं ध्यानात राहायलंय. बाजार व्हता त्या दिशी. तुझा बाप मोळी घिऊन बाजारला गेलता. मी घरी एकलीच. दिवेलागणीला आला अन् म्हणला, ह्ये कोण आलंय आपल्या घरी."

"नक्की बाजार व्हता?"

"आता ह्ये बी इसरंन का मी?"

"बाजार म्हणजे बेस्तरवार," मी म्हणालो. आमच्याकडं गुरुवारला बेस्तरवार म्हणतात, आणि आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरायचा. मायनं भाकरी उलटली.

मी दादाला मिठी मारली. तो म्हणाला, "आरं, काय झालं सांग तरी." मी सांगितलं. त्याला आकडे कळले नाहीत, पण त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंजी माझं एक साल वाचलं व्हय?"

शाळेचे हेडमास्तर परगावचे होते, नवीन होते, आणि माणूस सरळ होता. मी अर्ज लिहूनच नेला होता, सोबत पूर्ण पानभर गणित. त्यांनी चहा मागवला. मी त्यांना बारा आकडे समजावून सांगितले, वर्गांची खूण सांगितली. त्यांनी ते डायरीत उतरवून घेतलं, स्वतःच्या जन्माचा वार काढला, बायकोच्या जन्माचा काढला, खूश झाले. "हे पोरांना शिकवलं पाहिजे," म्हणाले. मीही फुगलो. एक चूक त्यांनी केली, लीप वर्षाचा एक वजा करायला विसरले, तर मी ती त्यांना परत एकदा नीट घोटून दिली. शेवटी ते तोंडी करायला लागले.

मग अर्ज हातात घेऊन म्हणाले, "गणित मला पटलं. मी दुरुस्तीची शिफारस करून वर पाठवतो. पण त्या दिवशी बाजार होता म्हणून गुरुवार होता, एवढं सांगणारा एक माणूस आणा. आई नको, आईची साक्ष सगळेच आणतात. तुमच्या वस्तीतला पण नको, वरचे लोक शंका काढतात. जुना आणि परका माणूस आणा."

मला लगेच मनियारचाचा आठवले. बांगड्या विकणारे. त्यांचा आठवडा म्हणजे बाजारच, आज हे गाव, उद्या ते गाव. आमच्या गावच्या बाजारात त्यांची जागा माझ्या जन्माच्या आधीपासूनची. दादा झाल्यावर मायच्या हातात पहिल्यांदा हिरव्या बांगड्या त्यांनीच भरल्या होत्या, आणि वर म्हणाले होते, मोळीवाल्याच्या घरी पोरगा आला बाजारच्या रोजी. हे मायनंच सांगितलं. यापेक्षा पक्का साक्षीदार कुठं मिळणार?

मी त्यांच्याकडं गेलो. "चाचा, दादा झाला तो दिवस आठवतो का?"

"आठवतो म्हंजे? बाजार भरला व्हता. सांजच्याला खबर आली, अन् तुजा बाप मोळी टाकून पळाला."

"हे हेडमास्तरासमोर सांगाल का?"

"उसमें क्या है. चल."

वार मी त्यांना विचारला नाही. विचारायचं सुचलंच नाही. बाजार म्हणजे गुरुवार, हे मला शेण काळं आणि दूध पांढरं असावं तसं ठाऊक होतं.

सोमवारी आम्ही तिघं शाळेत गेलो. मुलाखत त्याच आठवड्यात होती. दादानं धुतलेला सदरा घातला होता. हेडमास्तर म्हणाले, बसा, तरी तो दाराजवळच उभा राहिला. चाचांनी पेटी खाली ठेवली, खुर्चीवर टेकले आणि सगळं सांगितलं. बाजार, मोळी, बाप पळाला, पुढच्या बाजाराला बांगड्या भरल्या. हेडमास्तर लिहून घेत होते.

"म्हणजे गुरुवार," ते म्हणाले.

"नाही साहेब," चाचा म्हणाले. "बुधवार."

"बाजार तर गुरुवारी असतो ना इथं?"

"आता. त्या वक्ताला बुधवारी भरायचा. मग पलीकडच्या मोठ्या गावानं बी बुधवारच धरला. समदे दुकानदार तिकडं जायले. तवा इथल्या पंचांनी आपला बाजार एक रोज पुढं ढकलला. पोलीस ॲक्शनच्या, निजाम गेल्याच्या नंतरची गोष्ट हाय. ह्या पोरांना काय मालूम."

चाचा हसत होते. जुनी गोष्ट आपल्यालाच ठाऊक आहे याचा त्यांना आनंद झाला होता.

हेडमास्तरांनी पेन थांबवला. माझं पान पुढं ओढलं. मग ते पानही बाजूला ठेवलं आणि ओठ हलवत तोंडीच मोजलं, मी शिकवलं होतं तसं. साल, चौथाई, महिना, तारीख. "चार उरतात," ते म्हणाले. "चार म्हणजे बुधवार. असंच ना?"

बरोबरच होतं. त्यांनी कुठंही चूक केली नव्हती. मी परत मोजलं, दोनदा मोजलं. एकदा तर मनात असंही आलं की लीप वर्षाचं काही निघतं का बघावं. निघत नव्हतं. मे महिन्याला लीप वर्ष काही करत नाही. ज्या मास्तराला मी आठवडाभर अडाणी ठरवत होतो त्यानं एक्क्याण्णवच मिळवले होते. दादा खरोखरच तीस वर्षं चार महिन्यांचा होता, आणि ते मी स्वतः, कागदावर, सही करून, साक्षीदारासकट सिद्ध केलं होतं. मी गेलोच नसतो तर निदान शंका तरी राहिली असती.

"मग नोंद बरोबर आहे," हेडमास्तर म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "आता मी शिफारस कशी लिहू, तुम्हीच सांगा. मला आता वार काढता येतो."

दादा दारातून म्हणाला, "काय झालं?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग हेडमास्तरांकडं, आणि त्यांचं हसणं गेलं.

शाळेच्या बाहेर कडुनिंबाखाली त्यांनी माझा दंड धरला. "बाबा, मला आदी सांगायचं व्हतं ना. मी बेस्तरवार म्हणलो असतो. माझं काय जातंय. एका वारानं मला कोण फाशी देणार व्हतं?"

दादा म्हणाला, "र्‍हाऊ द्या चाचा. तुमी कशाला खोटं बोलता या वयात."

"खोटं न्हाई रे. बाजार तर व्हताच की."

पेटी उचलून ते गेले. पाठीमागून बघितलं तर ते चालता चालता मान हलवत होते.

घरी आल्यावर मी मायवर चिडलो. नको होतं, पण चिडलो. म्हणालो, बाजार आधी बुधवारी भरायचा हे तू मला सांगितलं का नाही?

माय डाळ निवडत बसली होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "मी बाजार म्हणले. बेस्तरवार तूच म्हणला."

"मग तवाच बोलायचं न्हाई का?"

"शिकलेला तू. मला वाटलं, तुला ठावं असंल."

तिनं सूप परत उचललं.

मुलाखतीच्या दिवशी मी दादाला म्हणालो, नको जाऊ. तो म्हणाला, "कागद आलाय, तर तोंड दाखवून येऊ. बोलावल्यावर गेलो न्हाई तर बरं दिसत न्हाई." सेलूहून आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं परभणीला गेलो. कचेरीच्या आवारात दोन-अडीचशे पोरं. दादा त्यांच्यात काकासारखा दिसत होता. दुपारी त्याचं नाव पुकारलं. मला आत जाऊ देत नव्हते, मी खिडकीशी उभा राहिलो. टेबलावरच्या माणसानं दाखला बघितला, बोटांवर साल मोजलं, आणि दाखला परत दादाच्या हातात दिला. पुढचं नाव पुकारलं. वाराचा प्रश्नच कुणाच्या डोक्यात नव्हता. दादानं त्याला वाकून नमस्कार केला आणि बाहेर आला.

स्टेशनवर गाडीला अवकाश होता. पिंगळीच्या बाजूनं येणारी गाडी उशिरा होती. आम्ही फलाटावर भुईमुगाच्या शेंगा खात बसलो. दाखला त्यानं घडी करून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला होता. मग तो म्हणाला.

"एक इचारू का? तुझा हिशोब चुकला व्हता का?"

"न्हाई."

"नक्की न्हाई?"

"न्हाई दादा. हिशोब बरोबर व्हता."

त्यानं शेंगांची टरफलं रुळांवर टाकली, हात झटकले.

"मंग बरं झालं," तो म्हणाला. "हॉटेलात समदे इचारतील. त्यांना सांगाया येईल, वय बसलं न्हाई म्हणून. न्हाई तर म्हणले असते, येवढा शिकिवला, अन् तो बी चुकला."